थप्पी : एका नाटकाच्या तालमीच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार, कोपरखैरणे

आज मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, त्याची आठवण. आपल्या वाशीच्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे. वही सुरू करायला याहून चांगला दिवस मिळणार नाही, म्हणून आजच सुरुवात.

गेल्या वर्षी एका स्पर्धेत आम्ही हमालांवरची एकांकिका केली. बक्षीस मिळालं, परीक्षकांनी ‘जिवंत अभिनय’ असं लिहिलं. मी आबांना मुद्दाम घेऊन गेले होते. त्यांनी एकतीस वर्षं दाणा मार्केटात माथाडी म्हणून काम केलंय. आधी मशीद बंदरला, मग मार्केट इकडे आलं तेव्हा वाशीला. प्रयोग संपल्यावर रिक्षात बसलो. बराच वेळ ते बाहेर बघत होते. मग एवढंच विचारलं, “पोत्यात काय भरलं हुतं?”

“चिंध्या आणि थर्माकोल, आबा.”

“वाटलंच.”

घर येईपर्यंत पुढे काही बोलले नाहीत.

त्या प्रश्नानं माझं वर्ष खाल्लं. ज्यांनी बक्षीस दिलं त्यांना पोतं हलकं असल्याचं दिसलं नाही. ज्याची पाठ त्या पोत्यानं वाकली त्याला पहिल्याच पावलात दिसलं. मग ते नाटक आम्ही कुणासाठी केलं? हमालांविषयी केलं हे खरं, पण हमालासमोर ते टिकलं नाही. हा प्रकल्प त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे.

ठरवलेलं असं: चाळीस मिनिटांचं नाटक, नाव ‘थप्पी’. रंगमंचावर एकही पोतं नाही. पहिला प्रयोग आमच्याच माथाडी वसाहतीच्या चौकात, दुसरा ठाण्यात नाटकवाल्यांसमोर.

गटात पाच जण. तालमीत आम्ही एकमेकांना स्टेशनाच्या नावानं हाक मारतो, कॉलेजपासूनची सवय. ऐरोली (कंपनीत नोकरी, आवाज उत्तम), रबाळे (बँकेत, ढोलकी वाजवतो), घणसोली (बावीस वर्षांचा, सगळ्यात नवा), तुर्भे (कुरिअरच्या गोदामात रात्रपाळी) आणि मी कोपरखैरणे. तालीम दर रविवारी सकाळी सात वाजता, आमच्या गच्चीवर.

१० नोव्हेंबर, रविवार

आबांनी त्यांच्या जुन्या टोळीच्या मुकादमाला बोलावलं. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. वय पंचाहत्तरच्या पुढे, मान अजून ताठ. गच्चीवर येताना ते स्वतःच एक पन्नास किलोची तांदळाची गोणी वर आणायला निघाले होते. तुर्भेनं घाईघाईनं ती त्यांच्याकडून घेतली आणि दुसऱ्या मजल्यावरच थांबला. गोदामात त्याला पेट्यांची सवय आहे, पण पेटीला कडा असते, गोणीला नाही.

तात्यांनी शिकवलेलं, जसं ऐकलं तसं लिहिते.

गोणी एकटा उचलत नाही. दोघं दोन टोकं धरून उचलून देतात, तिसरा पाठ देतो. ‘पाठ देणे’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता, त्यात घेणाऱ्याचं ‘देणं’ आहे हे आज कळलं. पाठ दिली की आधी हनुवटी खाली, मग श्वास आत, मग गुडघे. गोणी बसल्यावर एक क्षण थांबायचं, कारण मालाला आपली जागा शोधू द्यायची असते. तांदूळ पाठीवर बसतो, साखर बसत नाही. साखरेची गोणी गच्च असते, दगडासारखी, तिच्याखाली पाठीनंच जागा करून द्यावी लागते. पूर्वी साखर शंभर किलोच्या गोणीत यायची.

आणि फळी. ट्रकमधून गाळ्यात जायला लाकडी फळी टाकतात. माणूस आणि माल मिळून दीडशे किलो त्यावरून जातात तेव्हा फळी खाली वाकते आणि परत उसळते. त्या उसळीवर पुढचं पाऊल टाकायचं. फळीच्या विरोधात चाललास तर ती तुला फेकते. “फळी चालती, आपण तिच्यावर बसायचं,” तात्या म्हणाले.

आम्ही पाचही जण फक्त फळीवरून चालण्याचा सराव करत होतो. माल नाही, काही नाही. दीड तास. घणसोलीला चाल थोडी जमली. मला नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज पोतं बाजूला ठेवलं आणि रिकाम्या पाठीनं तेच करून पाहिलं. भयंकर दिसलं. सगळ्यांनी तोंड वेडंवाकडं केलं, दात आवळले, कण्हले. वजन चेहऱ्यावर आलं. तात्यांच्या चेहऱ्यावर गोणी उचलताना काहीच नव्हतं, उलट तो अधिक शांत झाला होता. ही मेख आहे. ओझं वाहणारा माणूस ओझं दाखवत नाही, त्याला ते परवडत नाही. चेहऱ्याला जी ताकद लागेल ती पायातून कमी होईल.

म्हणजे गेल्या वर्षी परीक्षकांना जो ‘जिवंत अभिनय’ वाटला तो चेहऱ्यावरचा होता.

२४ नोव्हेंबर, रविवार

वाचन आणि तालीम एकाच दिवशी. आठवडाभर लोकलमध्ये रशियन दिग्दर्शक मेयरहोल्डविषयी वाचत होते. आज गच्चीवर ते सगळ्यांना सांगितलं.

व्सेवोलोद मेयरहोल्ड मुळात स्तानिस्लाव्स्कीच्या मॉस्को आर्ट थिएटरमधला नट, ती संस्था १८९८ मध्ये सुरू झाली तेव्हापासूनचा. पुढे त्याची वाट वेगळी झाली. आत भावना जागी करा, मग शरीर आपोआप बोलेल, हे स्तानिस्लाव्स्कीचं म्हणणं त्याला पटेना. त्यानं उलट मांडलं: शरीराची हालचाल नेमकी करा, भावना तिच्या मागे येईल, आणि नटात आली नाही तरी प्रेक्षकात येईल. या शिस्तीला त्यानं ‘बायोमेकॅनिक्स’ म्हटलं. १९२२ मध्ये हे मांडताना त्यानं समोर ठेवला तो निष्णात कामगार. त्याच्या कामात फालतू हालचाल नसते, लय असते, शरीराचा गुरुत्वमध्य अचूक सापडलेला असतो आणि तोल ढळत नाही. नटानं हे त्याच्याकडून शिकावं, असं तो म्हणाला.

हे वाचलं तेव्हा मी ऐरोली स्टेशनवर होते आणि डोळ्यांसमोर तात्या होते. शंभर वर्षांपूर्वी मॉस्कोतला एक दिग्दर्शक नटांना जे सांगत होता, ते आमच्या वसाहतीत प्रत्येक घरात कुणा ना कुणाच्या अंगात आहे. आणि आम्ही त्यांची नक्कल करायला थर्माकोल भरत होतो.

त्याच्या व्यायामांत एक गोष्ट आहे, रशियनमध्ये ‘ओत्काझ’, शब्दशः नकार. कुठलीही हालचाल करण्याआधी तिच्या उलट दिशेला छोटी हालचाल. दगड फेकण्याआधी हात मागे जातो, उडी मारण्याआधी माणूस खाली बसतो, तसं. मी हे सांगत असताना तात्या पायरीवर बसून चहा पीत होते. म्हणाले, “मग त्यात काय? उचलायच्या आधी खाली जावंच लागतंय.” त्यांनी उठून करून दाखवलं. गोणी नव्हती. खाली गेले, श्वास घेतला, एक क्षण थांबले. त्या थांबण्यात वजन दिसलं. उचलण्यात नाही, उचलण्याआधीच्या थांबण्यात.

आज पहिल्यांदा रिकाम्या हवेत गोणी दिसली.

मेयरहोल्डचं पुढे काय झालं तेही पोरांना सांगितलं, सांगायलाच हवं होतं. १९३८ मध्ये त्याचं थिएटर बंद केलं, १९३९ मध्ये अटक झाली, फेब्रुवारी १९४० मध्ये त्याला गोळी घातली. शरीराच्या लयीवर बोलणाऱ्या माणसाचीही सत्तेला भीती वाटली. घणसोलीनं विचारलं, “पण त्याच्या नाटकात असं काय होतं?” मी सांगितलं की सरकारला जसं हवं होतं तसं नव्हतं. उत्तर अपुरं आहे. नीट वाचून पुन्हा सांगीन.

१ डिसेंबर, रविवार

आजची तालीम माझ्या चुकीमुळे बिघडली. नोंदवून ठेवते, म्हणजे परत होणार नाही.

तिसरा प्रवेश घरातला आहे. पाठ धरलेला नवरा सकाळी कामावर निघतो, बायको डबा देते. घणसोली कोरडा वाटत होता, म्हणून मी त्याला त्याच्या घरातला एखादा जड दिवस आठवायला सांगितला. स्तानिस्लाव्स्कीनं सुरुवातीच्या काळात भावनास्मृतीवर भर दिला होता, तो सगळ्यांनी ऐकलेला असतो. पोराला त्याचे वडील गेले तो दिवस आठवला. तो रडायला लागला, थांबेना. ऐरोलीही रडली. मलाही भरून आलं आणि एक क्षण वाटलं, हेच ते, प्रवेश सापडला.

आबा गच्चीच्या दारात उभे होते. त्यांनी मान वळवली आणि खाली निघून गेले.

मी तालीम थांबवली. तो प्रवेश एका माथाडीचा होता. रडलं ते घणसोलीचं दुःख, त्याच्या परवानगीशिवाय बाहेर काढलेलं. मला जे हवं होतं त्यासाठी मी त्याचं घर उघडलं. दिग्दर्शकाला हा अधिकार नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आले. त्याच्या आईनं चहा दिला, आम्ही दुसऱ्याच विषयांवर बोललो, जाताना मी माफी मागितली.

खुद्द स्तानिस्लाव्स्कीही शेवटच्या वर्षांत स्मृतीकडून कृतीकडे वळला. पात्र आता काय करतंय, हातात काय आहे, कुठे जायचंय, या छोट्या शारीरिक कृतींची साखळी नीट बांधा, भावना त्यातून येईल. आपल्याकडे मात्र त्याचं नाव घेतलं की अजून रडणंच पुढे येतं. पुढच्या रविवारी या प्रवेशात फक्त डबा: झाकण लावणं, फडकं बांधणं, देणं, घेणं.

८ डिसेंबर, रविवार

डबा. दोन तास डबा. झाला. फडक्याची गाठ बांधताना ऐरोलीचा हात एकदा थांबला, तेवढं ठेवायचं.

१५ डिसेंबर, रविवार

वेशभूषेवर वाद झाला. रबाळेचं म्हणणं, बारदानाचे कपडे करू, प्रेक्षकाला लगेच कळेल. त्यानं ग्रोतोव्स्कीचा दाखला दिला, आणि दाखला बरोबर आहे. येर्झी ग्रोतोव्स्कीनं १९५९ मध्ये पोलंडच्या ओपोले गावात तेरा रांगांचं एक छोटं थिएटर हाती घेतलं. तिथे १९६२ मध्ये ‘अक्रोपोलिस’ केलं. मूळ नाटक जुनं होतं, त्यानं ते नाझी छळछावणीत आणून ठेवलं. नटांच्या अंगात भोकं पडलेल्या पोत्याचे कपडे, पायात लाकडी खडावा, आणि प्रयोगभर ते प्रेक्षकांच्या भोवती भंगारातल्या लोखंडी नळ्या जोडत जातात.

पण मला यातून उलट गोष्ट दिसते. ग्रोतोव्स्की एकेक गोष्ट काढत गेला: रंगभूषा, प्रकाशाचे खेळ, नेपथ्य, ध्वनिफितीवरचं संगीत. हे सगळं काढूनही नाटक उरतं, असं तो म्हणे. जे काढता येत नाही ते म्हणजे नट आणि प्रेक्षक यांच्यातलं जिवंत नातं. त्या पोत्यांच्या कपड्यांना तिथे अर्थ होता, कारण छावणीनं माणसाचं सगळं काढून घेतलं होतं. माथाडीचं सगळं काढून घेतलेलं नाही. आबा कामावर जाताना इस्त्रीचा सदरा घालून जायचे, तिकडे बदलायचे आणि परत तोच सदरा घालून यायचे. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे आमच्या घरात प्रॉव्हिडंट फंड होता, दवाखान्याचं कार्ड होतं. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांचा फोटो आमच्याकडे देव्हाऱ्याच्या शेजारी आहे. या माणसाला मी बारदान घालणार नाही.

ठरलं: इस्त्रीचे पांढरे सदरे. पहिल्या प्रवेशात ते काढून घडी करून ठेवायचे, शेवटी परत घालायचे.

दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून जी प्रायोगिक नाटकं झाली, तिथेही साधनं अशीच थोडी होती. कमी साधनांत काम करणं आपल्याकडे नवं नाही. दशावतारात तर लिखित संहिताही नसते, कथानक ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या बोलतो.

२२ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस सगळ्यात चांगला गेला.

दुसरा प्रवेश थप्पी कोसळण्याचा. तात्यांनी पूर्वी एका गोदामात घडलेला प्रसंग सांगितला. थप्पी उंच गेली होती, खालची रांग ओली निघाली, वरून सात गोण्या सरकल्या. एक माणूस सहा महिने घरी बसला. आम्ही तो प्रसंग ‘जगून’ करायला बघत होतो: आरडाओरडा, धूळ, धावपळ. काही केल्या जमेना. तात्या बसल्या जागेवरून सांगत होते तेव्हा मात्र अंगावर काटा येत होता.

मग जर्मन नाटककार ब्रेख्तचा १९३८ साली लिहिलेला तो निबंध आठवला, रस्त्यावरच्या अपघाताचा. कोपऱ्यावर अपघात झालाय, एक साक्षीदार जमलेल्यांना तो कसा झाला ते दाखवतोय. तो ड्रायव्हर कसा वळला ते करून दाखवतो, म्हातारा कसा चालत होता ते दाखवतो, पण तो ड्रायव्हर होत नाही, म्हाताराही होत नाही. त्याला रडून दाखवायची गरज नाही. त्याला एवढंच हवंय की चूक कुणाची हे लोकांना ठरवता यावं. ब्रेख्त म्हणतो, ही साधी गोष्ट हाच त्याच्या रंगभूमीचा नमुना.

हे मी दुपारी जेवताना घरात सांगत होते. आई भाकरी थापत होती. ती वाईकडची, तिच्या माहेरी सप्ताहात भारुडं व्हायची. म्हणाली, “भारुडात इंचू चावला की माणूस केवढा वराडतो, लोळतो. पण कुणी डाक्तर आणाया पळतंय का? सगळ्यांना म्हाईत असतंय, ह्यो दाखवतोय. म्हणून तर फुडं अर्थ सांगितला की ऐकू येतो.”

मी ताटावरून उठून वही आणली. एकनाथांच्या विंचवात काम-क्रोधाचा अर्थ सांगायचा असतो, आणि सांगणारा वेदनेतून एका झटक्यात उभा राहून तो सांगतो. सोंग आणि सांगणारा दोघंही एकाच वेळी समोर दिसतात. जे आम्ही जर्मन निबंधातून शिकत होतो ते आईनं लहानपणी देवळाच्या पारावर पाहिलेलं होतं. मला वाटतं आपल्याकडे प्रायोगिक नाटक करताना आपण हा पार फार लवकर मागे सोडतो.

संध्याकाळी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. दुसरा प्रवेश आता असा: तिघं येऊन थप्पी कशी कोसळली ते दाखवतात. आधी टोळीतला गडी, मग मुकादम, मग गाळ्याचा दिवाणजी. तिघांचं दाखवणं वेगळं. गडी ओली रांग दाखवतो. मुकादम घाई दाखवतो, कारण बाहेर ट्रक उभा होता. दिवाणजी दाखवतो की सगळं रीतसर होतं. रबाळेनं दिवाणजी केला, त्याच्या बोटांत नसलेलं पेन फिरत होतं. कोणी रडलं नाही. तात्यांनी मध्येच उठून दिवाणजीला जाब विचारला आणि मग ओशाळून बसले.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

संहितेची स्वच्छ प्रत परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाआधी संहिता तपासणारं सरकारी मंडळ) पाठवली. फॉर्म, झेरॉक्स, पोस्ट. दिवस गेला.

ठाण्याहून येताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभी होते. समोर एक बाई डब्याची पिशवी मांडीवर घेऊन झोपली होती, मान घड्याळाच्या लोलकासारखी हलत होती. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातली ओळ आठवली: दुःखार्तानां श्रमार्तानां शोकार्तानां तपस्विनाम्। विश्रान्तिजननं काले नाट्यमेतद्भविष्यति॥ दुःखानं, श्रमानं, शोकानं पिडलेल्यांना विसावा देणारं हे नाट्य होईल. भरतानं यादीत ‘श्रमार्त’ हा शब्द घातला आहे. कॉलेजात हा श्लोक पाठ करताना मी तो शब्द वाचलाच नव्हता.

विसावा म्हणजे करमणूक, असा सोपा अर्थ लावतात. घणसोली स्टेशनपासून घरापर्यंत माझ्या डोक्यात दुसराच अर्थ घोळत होता. गोणी वाहणाऱ्याला विसावा कधी मिळतो? दुसरा कुणी पाठ देतो तेव्हा. नटानं त्या माणसासमोर उभं राहून पाठ द्यावी, खरी, नेमकी, फसवाफसवी न करता. मग बसलेल्याला तेवढा वेळ आपलं ओझं बाहेरून बघता येईल. नाटकाचं काम मला तरी हेच वाटतं. बरोबर आहे की नाही ते चौकात कळेल.

१२ जानेवारी, रविवार

शेवटावर भांडण. तुर्भेला शेवटी घोषणा हवी होती, मुठी वर, ढोलकी. कामगारांच्या रंगभूमीची परंपरा तो सांगत होता: १९४४ चं लाल बावटा कलापथक, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर. ती परंपरा माझीही आहे. पण अण्णाभाऊ कामगारांतूनच आलेले होते, गिरणीत खपलेले. त्यांची घोषणा त्यांच्या अंगातली होती.

मी नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआलचा प्रसंग सांगितला, जो त्यानंच लिहून ठेवला आहे. ब्राझीलच्या ईशान्य भागात त्याच्या गटानं शेतकऱ्यांपुढे नाटक केलं, शेवटी नटांनी बंदुका उंचावून जमिनीसाठी रक्त सांडा असं गाणं म्हटलं. प्रयोगानंतर एक शेतकरी आला आणि म्हणाला, चला, तुमच्या बंदुका घ्या, जमीनदाराच्या माणसांना हुसकावू. नटांनी सांगितलं, बंदुका खोट्या आहेत. तो म्हणाला, हरकत नाही, आमच्याकडे खऱ्या आहेत, तुम्ही या. तेव्हा ते मागे सरले. शेतकऱ्याला कळलं की रक्त सांडायचं ते त्याचं. बोआलनं त्यानंतर लोकांना ‘हे करा’ म्हणून सांगणारं नाटक सोडलं. पुढे त्यानं प्रवेश अर्धा सोडून प्रेक्षकालाच पात्राच्या जागी उभं राहायला बोलावलं, त्याला आपण फोरम थिएटर म्हणतो.

तुर्भे बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे आमचं थर्माकोल आणि त्यांच्या बंदुका एकच.”

घोषणा काढली. तिसरा प्रवेश दोनदा करायचा. दुसऱ्यांदा कुणीही ‘थांबा’ म्हणावं, पुढे यावं, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या जागी उभं राहावं. तुर्भे सूत्रधार.

२६ जानेवारी, रविवार, पहिला प्रयोग

संध्याकाळी साडेसहा, वसाहतीचा चौक. सकाळच्या झेंडावंदनाच्या खुर्च्या तशाच राहू दिल्या होत्या. पुढे सतरंजीवर मुलं, मागे साधारण ऐंशी माणसं, खिडक्यांत आणखी. दिवे दोनच, सोसायटीचे.

पहिला प्रवेश, फळी. खरी फळी नव्हती, रबाळेच्या ढोलकीवर तिची उसळ. घणसोलीनं पाठ दिली. थांबला. मुलं हसत होती, ती गप्प झाली. तिसऱ्या फेरीला दुसऱ्या रांगेतले एक काका उठून म्हणाले, “डावा आधी टाक रं!” त्यानं डावा टाकला आणि पुढे निघाला. कुणालाही ते नाटकात व्यत्यय आल्यासारखं वाटलं नाही.

थप्पीच्या प्रवेशात चौकातच वाद पेटला. दिवाणजी बोलत असताना मागून दोघं त्याला खोडत होते, आणि एक जण त्याची बाजू घेत होता की मुकादमानं खालची रांग बघायला हवी होती. रबाळे घाबरला, पण पेन फिरवणं त्यानं सोडलं नाही.

मग तिसरा प्रवेश, दुसऱ्यांदा. तुर्भेनं बोलावलं. आधी एक तरुण आला, नवरा झाला, म्हणाला मी आज दवाखान्यात जातो. टाळ्या. बरोबर होतं आणि त्यात काहीच घडलं नाही. मग पन्नाशीच्या एक काकू पदर खोचत आल्या. ऐरोलीच्या हातातला डबा घेतला आणि तो घेऊन उंबऱ्यात बसल्या. उंबरा आम्ही आखलासुद्धा नव्हता, त्यांना बरोबर माहीत होता.

“आज डबा मिळायचा न्हाई.”

घणसोली गडबडला, पण सावरला. “खाडा पडंल. पैसं कोण भरणार?”

काकू जराही थांबल्या नाहीत. “लिवा खाडा माझ्या नावावर. तीस वर्षं मी बी उचललंय, माझा एक खाडा न्हाई.”

हसू फुटलं आणि मध्येच विरलं. बायकांच्या बाजूनं कुणीतरी “बरुबर हाय” म्हणालं. घणसोलीकडे पुढचं वाक्य नव्हतं. तो खाली बसला, त्यांच्या शेजारी, त्या न आखलेल्या उंबऱ्यात. मी प्रवेश तिथेच थांबवला. मी तीन महिने माल उचलणाऱ्याची पाठ बघत होते. डबा बांधणाऱ्या हातांवर दोन तास घालवले होते, तरी त्या हातांचा खाडा मला सुचला नाही. माझी स्वतःची आई खिडकीत उभी होती.

आबा शेवटच्या रांगेत होते. संपल्यावर दिसले नाहीत. घरी आले तेव्हा जेवण झालं होतं आणि ते झोपले होते.

२ फेब्रुवारी, रविवार, दुसरा प्रयोग, ठाणे

नौपाड्यातला छोटा हॉल, चाळीसेक माणसं, बहुतेक नाटकवाली. दुसरा प्रवेश इथे सगळ्यात छान गेला, प्रत्येक बारकावा पोचला. तिसऱ्याला कुणीच पुढे येईना. तुर्भेनं तीनदा बोलावलं. शेवटी एक मुलगी आली आणि तिनं छान अभिनय केला.

दोष प्रेक्षकांचा नाही. तो उंबरा त्यांचा नव्हता. त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न, वेगळा उंबरा शोधायला हवा होता, मी तोच फिरवून आणला.

चर्चेत एका ज्येष्ठ दिग्दर्शकांनी मनापासून विचारलं, “काम चांगलं आहे, पण नाटक कुठे आहे?” त्यांना संघर्ष, चढण, शेवट हवा होता. प्रश्न रास्त आहे. परतीच्या गाडीत आम्ही पाचही जण त्यावरच बोललो. मी त्यांना सांगायला हवं होतं ते मला हॉलबाहेर पडल्यावर सुचलं: त्या दिवशी चौकात ते उंबऱ्यात बसलं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सातला गच्चीवर आलो तेव्हा आबा आधीच येऊन बसले होते. दोन आठवडे त्यांनी नाटकाविषयी चकार शब्द काढला नव्हता आणि मी विचारला नव्हता. घणसोली फळीचा सराव करत होता. तीन फेऱ्या झाल्या. आबांनी हात वर केला.

“गोणी कशाची हाय?”

घणसोलीनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. आम्ही हे ठरवलंच नव्हतं.

“तांदूळ, आबा,” तो म्हणाला.

“मग मान एवढी ताठ कशाला? ही साखरंची चाल झाली. तांदूळ बसतो पाठीवर, त्याला बसू दे.” ते उठले. गुडघ्यावर हात टेकत त्याच्यापर्यंत गेले, समोर उभे राहिले आणि दोन्ही हात खाली नेले. गोणीची कोपरं धरतात तसे. पलीकडचं टोक धरायला मला मानेनंच खुणावलं.

मी गेले. आम्ही दोघांनी उचललं, त्यानं पाठ दिली.

पुढची कामं: मार्केटात पहाटेच्या पाळीआधी प्रयोग करता येईल का, तात्या टोळीत विचारणार आहेत. काकूंना तालमीला यायची विनंती केली आहे, त्यांना रविवारी नळाचं पाणी भरून झाल्यावर, आठनंतर जमेल. तालीम आता आठ वाजता. चाल तांदळाची.